समुपदेशनाची खोली कुठे असावी?

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात एका सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्तीचे पत्र आले आहे. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून ती दहिवडी परिसरातील पंधरा ते एकवीस वयाच्या मुलामुलींबरोबर काम करते. तिच्या मोठ्या पत्राचा सारांश असा:

“आम्ही एका कनिष्ठ महाविद्यालयात ‘मानसिक आरोग्य शिबिर’ असा फलक लावून समुपदेशक बसवले. दिवसभरात अकरावीतली एकच मुलगी आत गेली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिला ‘मेंटल’ म्हणू लागले आणि आठवड्याभरात तिने कॉलेजला येणे बंद केले. आता मला वाटते की ‘मानसिक’ हा शब्दच टाळावा. दुसरे असे की, पोलीस भरतीची तयारी करणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा थोड्या गुणांनी राहिल्यापासून नीट झोपत नाही. ‘आता जगून काय उपयोग’ असे तो बोलून गेला आणि घरी सांगायचे नाही अशी त्याने मला शपथ घातली. तिसरे म्हणजे, अहवालासाठी वरिष्ठांनी ‘मानसिक समस्याग्रस्त युवकांची यादी’ नाव, गाव आणि फोटोसह मागितली आहे. या मुलांवर शिक्का न बसता त्यांना मदत कशी करावी?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांतला मधला प्रश्न मी आधी घेते, कारण तो थांबू शकत नाही. त्यातला मुख्य भाग तुम्हाला फोनवर कळवला आहेच. अशा प्रसंगात सापडणाऱ्या इतर कार्यकर्त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून तो येथे सविस्तर लिहीत आहे.

“जगून काय उपयोग” हे वाक्य आपल्याकडे त्राग्यानेही बोलले जाते आणि खरोखर जीव देण्याच्या विचारात असलेला माणूसही तेच बोलतो. ऐकणाऱ्याला हा फरक आवाजावरून ओळखता येत नाही, तो विचारूनच कळतो. म्हणून त्या मुलाला एकांतात, दोघांनाही घाई नसताना, सरळ विचारावे: “तू त्या दिवशी असं बोललास, ते माझ्या मनात राहिलंय. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” “तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?” असे विचारू नये, कारण त्या प्रश्नात हवे असलेले उत्तर आधीच सांगून टाकलेले असते आणि मुलगा “नाही हो ताई” म्हणून मोकळा होतो. विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात भरतो, अशी धास्ती अनेकांना, अगदी शिकलेल्यांनाही वाटते. परंतु या विषयावर झालेल्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. उलट कोणीतरी न घाबरता विचारले, याचाच पुष्कळांना आधार वाटतो.

तो “हो” म्हणाला, तर लगेच उपदेश सुरू करू नये. आईवडिलांनी किती कष्ट केले, याची आठवण तर मुळीच करून देऊ नये. ती त्याला तुमच्यापेक्षा जास्त आहे आणि त्याच ओझ्याखाली तो दबलेला आहे. हा विचार किती वेळा येतो, काय करायचे हे ठरवले आहे का, त्यासाठी लागणारी वस्तू हाताशी आहे का, हे शांतपणे विचारून घ्यावे. ठरवलेले असेल आणि साधन जवळ असेल, तर त्याला त्या दिवशी एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ठरवलेले नसले, तरी घरातले डाळिंबाच्या फवारणीचे औषध कोठे असते, ही चौकशी करावीच. आपल्या भागात ते पडवीत किंवा पलंगाखाली ठेवलेले असते. ते दुसऱ्याच्या घरी हलवणे किंवा कुलपात ठेवून किल्ली मोठ्या माणसाकडे देणे, एवढ्या साध्या गोष्टीने जीव वाचतात, कारण असा आवेग पुष्कळदा काही तासांचा असतो आणि त्या तासांत साधन हाताशी नसणे महत्त्वाचे ठरते.

आता शपथेविषयी. एखाद्याच्या जिवाशी संबंधित गोष्ट गुप्त ठेवण्याचे वचन कोणत्याही कार्यकर्त्याने देऊ नये आणि दिले गेले असेल, तर ते पाठीमागे मोडू नये, समोर बसून मोडावे. “तू सांगितलेलं मी कुठेही बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही. कुणाला सांगायचं ते तू ठरव. सांगताना तू माझ्याबरोबर असशील आणि काय सांगायचं तेही आपण आधी ठरवू.” तो कदाचित वडिलांऐवजी मामाचे नाव घेईल, मोठ्या बहिणीचे घेईल, तालमीतल्या वस्तादांचे घेईल. ते चालेल. तो एकोणीस वर्षांचा आहे, म्हणजे कायद्याने सज्ञान आहे, आणि त्याच्या शब्दाला तसे वजन दिले, तर पुढच्या उपचाराला तो स्वतःच्या पायाने येतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांना अंधारात ठेवून उपचार करता येत नाहीत, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली, तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. या मर्यादा पहिल्या भेटीतच, कोणी काही सांगण्याआधी, मुलांना सांगून ठेवाव्यात. गुपित ऐकून झाल्यावर त्या सांगितल्या, तर मुलांना ती फसवणूक वाटते.

अशा मुलांना पोलीस केसची भीतीही असते. भरतीच्या मुलाला तर ती असणारच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. हे त्याला सांगावे. मात्र “उपचार घेतल्याचा भरतीवर काहीच परिणाम होणार नाही” असा कोरा दिलासा देऊ नये. उपचार करणाऱ्यांवर गुप्तता पाळण्याचे बंधन आहे, एवढे खरे असलेले सांगावे आणि तेवढ्यावर थांबावे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले, तर १४४१६ हा टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य फोनसेवेचा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्यावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती विनामूल्य आणि चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येते. पहिला फोन तुमच्या शेजारी बसून लावला, तर दुसरा तो एकटा लावू शकतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. “मानसिक” हा शब्द टाळावा का, असे तुम्ही विचारता. माझे मत असे की, त्या मुलीला शब्दाने नव्हे तर मांडणीने उघडे पाडले. फलकावर “आनंदी जीवन शिबिर” असे लिहिले असते, तरी कॉलेजच्या मधोमध एक दार, त्या दारात शिरणारी एकच मुलगी आणि समोर व्हरांड्यात उभे असलेले दोनशे डोळे, हे दृश्य तेच राहिले असते. त्या गोड नावालाही आठवड्याभरात तीच कळा आली असती आणि मुलांनी एकमेकांना “जा की आनंदी जीवनला” म्हणून चिडवले असते. आजारपणाची लाज ही भाषणाने जाणारी गोष्ट नाही. तिचा जन्म वेगळी खोली, वेगळी रांग, वेगळी यादी अशा व्यवस्थेतून होतो, आणि ती व्यवस्था करण्याचा अधिकार बऱ्याच वेळा आपल्याच हाती असतो.

त्या मुलीविषयी आधी. संस्थेच्या नावाची गाडी घेऊन तिच्या दारात जाऊ नये. गल्लीला एका दिवसात कारण कळेल. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे किंवा राहिलेली प्रात्यक्षिके असे खरे असलेले काम घेऊन वर्गशिक्षिका किंवा तिची जवळची मैत्रीण आधी जाऊ शकते. मात्र मैत्रिणीला तुमच्याकडून काहीही सांगितले जाऊ नये. भेट झाली की “तू पुन्हा समुपदेशकांकडे ये” असे न म्हणता, झाल्या प्रकाराबद्दल संस्थेची बाजू स्वच्छ मांडावी: जागा चुकीची निवडली गेली, त्यात तिचा काही दोष नाही. मग कॉलेजला परत यायला काय बदलले पाहिजे, हे तिलाच विचारावे. कधी तुकडी बदलून मिळाली तरी पुरते, कधी पहिले चार दिवस बसस्टँडपासून कुणीतरी बरोबर यावे लागते. चिडवणाऱ्या मुलांसाठी “मानसिक आरोग्य” या विषयावर व्याख्यान ठेवले, तर व्याख्यानभर सगळे तिच्याकडेच बघतील. वर्गातले चिडवणे हा शिस्तीचा प्रश्न आहे. कोणी कोणाला आडनावावरून, रंगावरून किंवा वडिलांच्या धंद्यावरून चिडवले तर जे केले जाते, तेच येथे वर्गशिक्षकांनी करावे, आणि तिचे नाव न घेता करावे.

पुढच्या वेळी काय करावे, याचे एक चांगले उदाहरण बिहारमधील आहे. तेथील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘संगथ’ या गोव्याच्या संस्थेने एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत स्थानिक, साध्या शिक्षणाची पण नीट प्रशिक्षण दिलेली माणसे समुपदेशक म्हणून नेमली, काही शाळांत तेच काम शिक्षकांना दिले आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. समुपदेशक केवळ “अडचणीतल्या” मुलांसाठी नव्हता. तो सगळ्या शाळेचा होता: भित्तिपत्रक काढायचा, सभा घ्यायचा, वर्गात जायचा, मुलांनी नाव न लिहिता आपले म्हणणे टाकावे म्हणून ठेवलेली पेटी उघडायचा, आणि याच ओघात एखादा मुलगा त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलायचा. अशा शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही. शिक्षकांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. गुण देणारा, हजेरी घेणारा आणि घरच्यांना बोलावून घेणारा माणूसच मन मोकळे करायचीही जागा झाला पाहिजे, ही अपेक्षा मुलांच्या बाजूने अवघड आहे.

यातली पेटी तुम्ही उद्याच सुरू करू शकता, पण दोन पथ्ये पाळून. ती मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावू नये; पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रंथालयात, जिथे सगळ्यांचीच ये-जा असते, तिथे लावावी. आणि तिची किल्ली फक्त तुमच्याकडे असावी. चिठ्ठ्यांना उत्तर भित्तिपत्रकातून द्यावे. “गणित कळत नाही”, “मुतारीला दार नाही”, “बाबा रोज पिऊन येतात” अशा चिठ्ठ्या एकाच पेटीत पडतात, हीच त्या पेटीची खरी सोय आहे. त्यातल्या दुसऱ्या चिठ्ठीचे दार बसवून दाखवले की, तिसरी चिठ्ठी लिहिणारी मुलगी थोड्या दिवसांनी समोर येऊन बोलते. त्याच धर्तीवर प्रत्यक्ष भेटीही सगळ्यांच्याच ठेवाव्यात. वर्गातल्या प्रत्येक मुलाशी हजेरीच्या क्रमाने दहा-दहा मिनिटे, बारावीनंतर काय करायचे या विषयावर बोलायला सुरुवात केली, तर कोण आत गेले याला काहीच अर्थ उरत नाही. ज्याला जास्त बोलायचे आहे, त्याची दहा मिनिटे पुढच्या भेटीत पाऊण तासाची होतात, आणि ते त्याला आणि तुम्हालाच माहीत असते.

कॉलेजबाहेरची मुले याहून जास्त आहेत आणि त्यांच्याकडे शिबिराचे फलक पोहोचत नाहीत. भरतीची मुले पहाटे ग्राउंडवर असतात. तेथे कोणी जाऊन “तुमच्या भावना सांगा” म्हटले, तर ती हसून पळतील. पण १६०० मीटरची वेळ का कमी होत नाही, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि झोपेचा त्याच्याशी थेट संबंध आहे. “किती वाजता झोपतोस? मध्ये जाग येते का? जाग आली की डोक्यात काय चालू असतं?” हे तीन प्रश्न बुटाच्या नाड्या बांधता बांधता विचारता येतात आणि तिसऱ्या प्रश्नावर मुलगा बोलू लागतो. समोरासमोर खुर्च्या टाकून बसण्यापेक्षा शेजारी चालताना मुलगे जास्त बोलतात, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. तुम्ही स्त्री आहात, म्हणून ग्राउंडवर एखाद्या माजी भरतीवाल्या मुलाची साथ घेणे सोयीचे होईल. तोच अभ्यासिकेतही तुमचा कान होऊ शकतो. मात्र त्याने ऐकायचे आणि तुमच्याकडे आणायचे, एवढेच त्याचे काम. उपाय सांगायचे नाहीत, हे त्याला पक्के सांगावे.

मुलींचे गणित वेगळे आहे. त्यांना एकटीने थांबता येत नाही, फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात असतो आणि संध्याकाळी उशीर झाला की चौकशी होते. शिवणाचा वर्ग, एसटीची वाट पाहण्याचा वेळ, आशाताईंच्या बैठका या त्यांच्या जागा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत जी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत, त्यांचा येथे फार उपयोग होतो. तेथे पाळीच्या तक्रारी, रक्तक्षय, चेहऱ्यावरचे फोड आणि मनातली घालमेल या सगळ्यांसाठी एकच दार असते आणि दारातून गेलेली मुलगी कशासाठी गेली, हे बाहेरून कळत नाही. तुमच्या जवळच्या रुग्णालयात हे क्लिनिक कोणत्या वारी प्रत्यक्ष चालू असते, याची चौकशी आधी स्वतः जाऊन करावी. मुलीला पाठवल्यावर दाराला कुलूप दिसले, तर ती पुन्हा जाणार नाही.

एक गोष्ट येथे थोडी तिरकस वाटली तरी सांगते. मुलामुलींच्या मनात बिघाड शोधण्याचा आपल्या क्षेत्रातला उत्साह अलीकडे फार वाढला आहे. अकरावीतल्या मुलीचे स्थळ बघणे चालू असेल, दुष्काळात जनावरे विकून फी भरलेली असेल, जातीवरून मागच्या बाकावर बसवले जात असेल, तर तिची झोप उडणे हे तिच्या मनाचे दुखणे म्हणून नोंदवणे अन्यायाचे आहे. तिला श्वास सोडायला शिकवण्याआधी बालविवाह थांबवणे, फीची सवलत मिळवून देणे, बाक बदलून घेणे हे समाजकार्य आहे, आणि ते आपल्याइतके दुसऱ्या कोणाला जमत नाही. मानसोपचारतज्ज्ञ गोळी देऊ शकतात, बाक बदलून देऊ शकत नाहीत.

पण याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. जेथे आजार आहे, तेथे त्याला आजारच म्हणावे. “टेन्शन आहे, जाईल” असे म्हणत वर्ष काढले आणि मुलगा दाराला कडी लावून बसू लागला, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे म्हणू लागला, नसलेले आवाज ऐकू लागला, तर उशीर जितका जास्त तितके सुधारणे अवघड. उदासी, चिडचिड, भूक-झोप उडणे, आवडत्या गोष्टींतला रस जाणे हे दोन आठवड्यांच्या वर टिकले आणि अभ्यास, काम, माणसांत मिसळणे थांबले, तर तपासणी हवी. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. त्यात महाराष्ट्र नव्हता; तरी अंदाजासाठी धरले, तर साठ जणांच्या वर्गात चार मुले होतात. म्हणून तुमचा “मानसिक” शब्द टाळण्याचा विचार मला पटत नाही. जो शब्द आपण दबक्या आवाजात उच्चारतो, त्याची भीती मुले आपल्याकडूनच शिकतात. सर्वांसाठीच्या कार्यक्रमात रोजची भाषा वापरावी. आजाराशी गाठ पडली की डॉक्टर जे नाव सांगतील, तेच नाव, थायरॉइडचे किंवा फिटचे घ्यावे तितक्या सहजतेने घ्यावे.

घरच्यांशी बोलताना सुरुवात निदानापासून करू नये. “तुमच्या मुलाला डिप्रेशन आहे” हे वाक्य ऐकले की आईला पुढचे काही ऐकू येत नाही. तिच्या डोळ्यांपुढे लग्न, भावकी आणि लोक उभे राहतात. त्यांनी स्वतः काय पाहिले, ते आधी विचारावे. “रात्री उठून अंगणात बसतो म्हणे, तुम्ही पाहिलंत का? जेवण कसं आहे?” ते पाहिलेले असतेच, कोणी विचारलेले नसते. मग तपासणीचे कारण त्यांच्याच तोंडून निघते. घरातल्यांनी “बाहेरचं” काही असेल म्हणून देवऋषीकडे नेले असेल, तर तेथेच वाद घालून दार बंद करून घेऊ नये. म्हसवडच्या सिद्धनाथाला नारळ वाढवायचा असेल तर वाढवावा, त्याच आठवड्यात साताऱ्याच्या डॉक्टरांनाही दाखवावे, एवढे मान्य करून घ्यावे. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, चटके देणे किंवा औषधोपचार बंद करायला लावणे असे प्रकार दिसले, तर तेथे समजूत पुरे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पोलिसांत करावी. ज्या जिल्ह्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर काम केले, तेथे या कायद्याची ओळख कार्यकर्त्यांना वेगळी करून द्यावी लागू नये, पण लागते.

पाठवायचे कसे, हेही महत्त्वाचे. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत “मानसोपचार विभाग” लिहून ती मुलाच्या हाती दिली, तर ती एसटीत वाचली जाते. चिठ्ठी बंद पाकिटात द्यावी. दहिवडीहून साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात जाऊन येण्यात दिवस मोडतो आणि घरातल्या एका माणसाचा रोजगार बुडतो, म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक तुमच्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येते, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. पहिल्या खेपेला तुम्ही किंवा ज्यावर मुलाचा विश्वास आहे असे कोणी बरोबर जावे. नैराश्यावरच्या औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडे अधिकही, आणि मळमळ, सुस्ती असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. हे आधी सांगितले नाही, तर गोळ्या आठव्या दिवशी कचऱ्यात जातात. साताऱ्यातल्या ‘परिवर्तन’ संस्थेने मनाच्या आजारांविषयी गावपातळीवर आधार देणाऱ्या ‘मानसमित्र’ कार्यकर्त्यांची कल्पना रुजवली आहे. त्यांच्याशी संपर्क ठेवलात, तर हा सगळा भार एकट्या तुमच्यावर राहणार नाही.

लोकांच्या मनातली भीती कशाने कमी होते, याचा अभ्यास जगभर झाला आहे आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने त्याचा आढावा घेतला. त्यातून पुढे येणारी गोष्ट अशी की, माहितीपत्रकांपेक्षा, आजारातून गेलेल्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने झालेली भेट अधिक परिणाम करते. तुमच्या ओळखीचा एखादा तरुण बरा होऊन कामाला लागला असेल आणि स्वतःहून बोलायला तयार असेल, तर त्याला जरूर बोलवावे. मात्र ज्याचा त्रास नुकताच कमी झाला आहे, त्याला व्यासपीठावर उभे करू नये, त्याच्या बोलण्याचा व्हिडिओ काढू नये आणि आयत्या वेळी त्याने नको म्हटले, तर कार्यक्रम त्याच्याशिवाय पार पडेल अशी तयारी ठेवावी.

राहिला वरिष्ठांच्या यादीचा प्रश्न. ही यादी देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि नकार द्यायला तुमच्याजवळ पुरेसा आधार आहे. उपरोल्लेखित २०१७ च्या अधिनियमाचे २३ वे कलम उपचार करणाऱ्यांवर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालते, आणि २४ वे कलम उपचाराखालील व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मनाई करते. ही कलमे शब्दशः तुमच्या संस्थेला लागू होत नाहीत असे कोणी म्हणेल. परंतु डॉक्टरने जे करू नये, ते कार्यकर्त्याने करावे, असे म्हणण्याचे धाडस कोणताही देणगीदार करणार नाही. शिवाय त्या यादीत ज्यांची नावे जातील, त्यांतल्या बहुतेकांची कोणी तपासणीही केलेली नाही. दोन दिवस रडलेली मुलगी आणि खरोखर आजारी असलेला मुलगा एकाच मथळ्याखाली, गावाच्या नावासह, कुठल्या तरी कार्यालयाच्या कपाटात आणि तेथून व्हॉट्सॲपवर जातील. माण तालुक्यात गाव आणि वय एवढेच सांगितले, तरी लोक घर ओळखतात.

वरिष्ठांना नुसता नकार देऊन चालणार नाही, कारण त्यांनाही वर हिशेब द्यायचा असतो. म्हणून नकाराबरोबर पर्यायी तक्ता तयार करून न्यावा. त्यात प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्यावा, वयोगट आणि लिंग लिहावे, गावाऐवजी तालुका लिहावा, आणि “समस्या” या रकान्याऐवजी “कोणत्या विषयावर मदत मागितली” असा रकाना करावा: झोप, परीक्षा, घरातले व्यसन, लग्नाचा दबाव, इतर. शेवटी “काय केले” आणि “महिन्यानंतर स्थिती” असे दोन रकाने ठेवावेत. देणगीदाराला खरोखर हवे असते ते याच दोन रकान्यांत असते. क्रमांक आणि नावे जोडणारी वही एकच असावी, ती तुमच्या कपाटात कुलपात असावी आणि तिचा फोटो कोणीही काढू नये. फोटोची अट असेल, तर जिओटॅगसह (म्हणजे फोटोवर ठिकाणाची नोंद ठेवून) भित्तिपत्रकाचा, पेटीचा, रिकाम्या वर्गाचा किंवा सगळ्या शाळेच्या सभेचा पाठीमागून घेतलेला फोटो द्यावा. तक्त्याच्या वर “मानसिक समस्याग्रस्त युवक” असे शीर्षक न देता “युवक आधार उपक्रम: सहभागाचा मासिक तपशील” असे द्यावे. हा तक्ता पुढच्या मासिक बैठकीआधी वरिष्ठांना एकट्याने भेटून दाखवावा; सर्वांसमोर त्यांची यादी चुकीची ठरवली, तर ते यादीवर अडून बसतील. तरीही ते अडले, तर यादी मागण्याचे पत्र लेखी द्यावे, अशी विनंती करावी. त्यानंतर तीच मागणी पुन्हा होण्याची शक्यता कमी असते.